जपानमधल्या मात्सुयामा शहरात एकच रात्र आहे. किल्ल्याजवळ राहू की दोगो या गरम झऱ्याच्या भागात?

दोगोलाच राहा. किल्ला दिवसा बघून होतो, पण गरम झऱ्याची खरी मजा रात्री आणि पहाटे. दोगोहून ट्राम दहा-पंधरा मिनिटांत ओकाइदो थांब्यावर सोडते. तिथून थोडं चाललं की किल्ल्याचा रोपवे. १८९४ची प्रसिद्ध लाकडी इमारत, दोगो ओन्सेन होनकान, हे फक्त स्नानगृह आहे, तिथे मुक्काम नाही; खोली आसपासच्या छोट्या पारंपरिक जपानी अतिथिगृहात, म्हणजे र्‍योकानमध्ये घ्या. बहुतेक ठिकाणी खोलीत युकाता (हलका सुती झगा) मिळतो, तो घालून होनकानपर्यंत खुशाल चालत जा. कुंडात मात्र कपड्यांशिवाय, तेही आधी स्टुलावर बसून अंग स्वच्छ धुऊन. छोटा पंचा पाण्यात बुडवायचा नाही, डोक्यावर ठेवायचा! शाकाहारी असाल तर बुकिंगच्या वेळीच स्पष्ट सांगा, साध्या भाजीच्या रश्शातही बहुधा माशाचा अर्क असतो.