हळद टाकीत नको, खाद्यात घाला

संगमेश्वर तालुक्यातून एका ताईंनी विचारलं आहे: "सिमेंटच्या टाकीत गोल्डफिश आहेत. पहिल्या पावसानंतर अंगावर लाल चट्टे आले, काहींची पोटं फुगून खवले उभे राहिले. हळद आणि कडुनिंबाचा काढा टाकीत ओतला. दोन दिवस लाली उतरली, मग परत मरतुक सुरू. हळदीचं प्रमाण वाढवू का?"

ताई, वाढवू नका. उलट आता कुठला काढाही ओतू नका. (आमच्याकडे एरवी आंब्यावरच्या तुडतुड्याचे प्रश्न जास्त येतात, पण हल्ली शोभिवंत माशांचेही येऊ लागलेत, आणि बहुतेकांत हळद असतेच.)

तुम्ही सांगता त्या लक्षणांवरून पहिला संशय एरोमोनास या जिवाणूवर जातो. तो गोड्या पाण्यात कायमच असतो, धडधाकट माशाला सहसा काही करत नाही. पावसाने पाण्याचं तापमान अचानक उतरलं, तळाचा गाळ ढवळला, अमोनिया वाढला, की मासा खचतो आणि हा आत शिरतो. त्यातून अंगावर व्रण पडतात, पर झडतात. जंतू मूत्रपिंडापर्यंत पोचला की अंगात पाणी साचतं आणि पोट फुगतं. वरून पाहिलं तर उभ्या खवल्यांमुळे मासा अननसासारखा दिसतो. त्या अवस्थेतले मासे क्वचितच वाचतात, त्यांना लगेच वेगळे करा.

आता हळदीचं. लाल चट्टा म्हणजे माशाच्या शरीराने तिथे रक्त आणि पांढऱ्या पेशी धाडल्यात, जंतूंशी झुंज चालू आहे. हळदीतलं कर्क्युमिन पेशीतली ही दाह पेटवणारी यंत्रणा मंद करतं, हे प्रयोगांतून दिसलं आहे. पण लाली उतरणं वेगळं आणि जंतू मरणं वेगळं. प्रयोगशाळेत कर्क्युमिन काही जिवाणूंना रोखतं, मात्र त्यासाठी लागणारी मात्रा टाकीत चमचाभर हळद टाकून मिळत नाही. शिवाय ते पाण्यात जवळजवळ विरघळतच नाही. टाकीच्या तळाला पिवळा थर बसला असेल पाहा, तुमची हळद तिथे आहे. दोन दिवस लाली कशाने उतरली ते सांगता येत नाही, पण जंतू तसेच राहिले असणार.

कडुनिंबाची गोष्ट जरा गंभीर आहे. त्यातली द्रव्यं किडींना मारतात तशी जास्त झाली तर माशांनाही बाधतात, आणि पाला-काढा कुजताना पाण्यातला प्राणवायू खातो. पहाटे मासे पृष्ठभागावर येऊन तोंड उघडमीट करत होते का? असतील, तर सगळी मरतुक रोगाचीच होती असं मी म्हणणार नाही.

आज करायचं ते असं. चांगले मासे वेगळ्या टाकीत घ्या, जाळी, बादली दोन्हीकडे एकच वापरू नका. रोज पाव ते तृतीयांश पाणी बदला, तळाचा गाळ सायफनने (नळीने ओढून) काढा, एअर पंप रात्रंदिवस चालू ठेवा. नंतर जाडं मीठ, लिटरला ३ ग्रॅम. टाकीत पाणी किती हे अंदाजाने ठरवू नका: लांबी, रुंदी आणि पाण्याची खोली फुटांत गुणून २८ ने गुणा. ६ बाय ४ ची टाकी, २ फूट पाणी, म्हणजे सुमारे १,३५० लिटर, म्हणजे ४ किलो मीठ. ते बादलीत विरघळवून दिवसभरात तीन वेळा विभागून घाला, आणि पाणी बदलाल तेव्हा नव्या पाण्यापुरतंच घाला. गोड्या पाण्यातल्या माशाचं रक्त पाण्यापेक्षा खारट असतं, त्यामुळे पाणी सतत आत झिरपतं, आणि व्रण असला की जास्तच. मिठाने तो भार हलका होतो. टाकीत पाणवनस्पती असतील तर त्या आधी बाहेर काढा.

मेडिकलमधून अँटिबायोटिकच्या (जंतू मारणाऱ्या औषधाच्या) कॅप्सूल आणून टाकीत फोडू नका. फिल्टरमधले अमोनिया पचवणारे उपयोगी जिवाणूही त्याने मरू शकतात, आणि अर्धवट मात्रेने रोगाचे जंतू औषधाला निर्ढावतात. औषध द्यायचंच तर कुठलं लागू पडतं याची चाचणी आधी करा. त्यासाठी आजारी पण जिवंत मासा प्राणवायू भरलेल्या पिशवीत घालून रत्नागिरीच्या शिरगाव इथल्या मत्स्य महाविद्यालयात दाखवा. मेलेला, वास सुटलेला मासा नेलात तर त्यात कुजवणारे जंतूच सापडतील.

मग हळद, लसूण फुकट का? नाही. त्यांची जागा खाद्यात, आणि तीही रोग येण्याआधी. किलोभर गोळी खाद्याला ५ ग्रॅम हळद किंवा १० ग्रॅम लसूण, थोड्या तेलात कालवून लावा, सावलीत सुकवा. लसूण ठेचून दहा मिनिटं ठेवा; ठेचल्यावरच त्यातलं ॲलिसिन तयार होतं, शिजवलात तर गेलं. आठवड्याला लागेल तेवढंच बनवा. मे महिन्याच्या मध्यापासून सुरू केलंत तर पावसाच्या तोंडावर मासे तयार असतील. ज्या माशाने खाणं सोडलंय त्याला याचा उपयोग शून्य.

आणखी एकाने विचारलंय की बदामाची वाळकी पानं चालतील का. फायटर माशासाठी चालतात. गोल्डफिशला नको: त्यातल्या टॅनिनने पाणी आम्लधर्मी होतं, आणि आपल्या जांभ्या दगडातल्या विहिरींचं पाणी आधीच त्या बाजूला असतं.

हाताला काप किंवा खरचटलेलं असेल तर टाकीत हात घालताना रबरी मोजे घाला. माशांमधला क्षयाच्या जातकुळीतला एक जिवाणू माणसाच्या कातडीत गाठी उठवतो. आठवड्यांनी उठलेली, न भरणारी गाठ दिसली तर डॉक्टरांना मासे पाळतो हे आवर्जून सांगा, ते आपणहून विचारतीलच असं नाही.