दोन दिवसांत मित्रासोबत फ्लॉरेन्स बघायचंय, बजेट कमी आहे, काय चुकवू नये?

तुम्ही मिलानला शिकताय, शनिवार-रविवार मित्रासोबत फ्लॉरेन्सला जायचंय आणि पैसे बेताचे आहेत, असं तुम्ही लिहिलंय. मी बोलोन्याला मास्टर्स करते, गेल्या नोव्हेंबरात रूममेटसोबत अशीच दोन दिवस जाऊन आले. ती नाशिकची, मी कोल्हापूरची, आणि हे सांगायचं कारण पुढे येईलच.

आधी जाण्याचं. फास्ट ट्रेननं मिलानहून साधारण दोन तासांत पोचता, तिकीट जितकं आधी काढाल तितकं स्वस्त. स्टेशनचं नाव सांता मारिया नोव्हेल्ला, तिथंच उतरा, तिथून सगळं चालत आहे. आम्ही पैसे वाचवायला बोलोन्याहून साध्या रीजनल गाडीनं प्रातोला बदलून गेलो. त्याचं कागदी तिकीट गाडीत चढायच्या आधी प्लॅटफॉर्मवरच्या मशीनमध्ये घालून शिक्का मारून घ्यावा लागतो. रूममेट गडबडीत ते विसरली, टीसी आला आणि दंड भरावा लागला, आमच्या दोघींच्या रात्रीच्या जेवणाचे पैसे तिथंच गेले. तुम्ही विसरू नका.

ड्युओमो म्हणजे तिथलं मोठं कॅथेड्रल, त्यात आत जायला तिकीट नाही, फक्त रांग आहे. घुमटावर चढायचं असेल तर वेळ ठरवून आधी बुकिंग करावं लागतं आणि ४६३ पायऱ्या, लिफ्ट नाही. आम्ही चढलो नाही, पण खाली उभं राहून तो घुमट खूप वेळ बघितला. ब्रुनेलेस्की नावाच्या वास्तुकारानं १४२० ते १४३६ या सोळा वर्षांत तो बांधला, खालून लाकडी साच्याचा आधार न देता, विटा माशाच्या काट्यासारख्या तिरक्या रचून, म्हणजे बांधकाम चालू असतानाच तो स्वतःचा भार स्वतः पेलत होता. मी सिव्हिलची, मला तिथून हलवतच नव्हतं.

सांता क्रोचे चर्चमध्ये मायकलअँजेलो, गॅलिलिओ, माकियावेली यांच्या कबरी आहेत, त्या बघाच, पण आसपासच्या गल्ल्यांत भिंतींकडे पण बघत चला. ४ नोव्हेंबर १९६६ ला आर्नो नदीचा पूर आला होता, पाणी कुठवर चढलं त्याच्या पाट्या भिंतींवर लावल्यात. एका पाटीखाली मी हात वर करून उभी राहिले तरी रेघ माझ्या बोटांच्या खूप वर होती. २०१९ ला पंचगंगेचं पाणी आमच्या घरात कमरेपर्यंत आलं होतं, आईनं भिंतीवर पेन्सिलीनं रेघ मारून ठेवलीय, ती अजून पुसू देत नाही. मी ती पाटी फोटो काढून आधी आईला पाठवली, घुमटाचे फोटो नंतर.

खायला मेर्काटो चेंत्राले या मोठ्या बाजाराच्या आसपास बघा. लाम्प्रेदोत्तो नावाचा पाव जागोजागी मिळतो, तो गाईच्या पोटाच्या मांसाचा असतो, चालत नसेल तर आधीच विचारा. रूममेट शाकाहारी, तिला रिबोल्लिता फार आवडलं, शिळा पाव, घेवडा, काळसर पालेभाजी असं सगळं परत उकळून केलेलं, आपल्याकडे शिळ्या पोळीचा कुस्करा करतात तीच अक्कल. तिथल्या पावात मीठ नसतं, तो खराब नाहीये. कॉफी उभ्यानं प्या, टेबलावर बसलात की रेट बदलतो.

संध्याकाळी पियाझाले मायकलअँजेलो या टेकडीवरच्या चौकात सगळेच जातात, तुम्ही अजून थोडं चढून सान मिनिआतो चर्चपर्यंत जा, गर्दी निम्मी होते आणि अख्खं शहर नदीसकट समोर दिसतं.

आता रविवारचं. महिन्याच्या पहिल्या रविवारी उफ्फीझीसारखी सरकारी म्युझियम फुकट असतात, म्हणून आम्ही मुद्दाम तोच वीकेंड धरलेला. रांगेत दीड तास उभं राहिलो, तरी दार दिसेना. शेवटी रूममेटच म्हणाली, "अगं सोड ना, तुझ्या महाराजांकडे जाऊया की." आणि माझ्या मते दोन दिवसांतला तोच निर्णय सगळ्यात चांगला झाला.

कोल्हापूरचे छत्रपती राजाराम महाराज १८७० ला इंग्लंडला गेले होते, राणी व्हिक्टोरियाला भेटले, परत येताना फ्लॉरेन्सला आजारी पडले आणि ३० नोव्हेंबरला तिथंच वारले. वय फक्त वीस. (शाहू महाराजांचे चिरंजीव राजाराम वेगळे, आमच्याकडेही लोक गोंधळ करतात, हे त्यांच्या आधीचे.) तेव्हा फ्लॉरेन्स इटलीची राजधानी होती, तिथं दहन ही कुणी न बघितलेली गोष्ट, खास परवानगी घ्यावी लागली. आणि बरोबरच्या माणसांनी जागा कुठली निवडली, तर आर्नोला मुन्योने नदी मिळते तो संगम. परक्या मुलखात, आपलं कुणी नसताना, त्यांनी संगम शोधला.

१८७४ ला तिथं छत्री उभी राहिली. आराखडा मेजर चार्ल्स मँटचा, ज्यानं पुढे कोल्हापूरचा न्यू पॅलेस केला तोच. आत महाराजांचा अर्धपुतळा, फुलर नावाच्या इंग्रज शिल्पकारानं केलेला, आणि तो रंगीत आहे. दोन दिवस पांढरे संगमरवरी पुतळे बघून आल्यावर एकदम तो पगडीतला कोवळा चेहरा समोर येतो, मला रडू आलं. माझा धाकटा भाऊ वीसचा आहे.

मी आजोबांना व्हिडिओ कॉल लावला. त्यांनी पुतळा बघितला, नमस्कार केला आणि लगेच म्हणाले, "नदी दाखव. संगम कुठल्या अंगाला आहे?" मग मी फोन धरून काठापर्यंत गेले, मुन्योने म्हणजे ओढ्यासारखीच दिसते, गढूळ पाणी हळूच आर्नोत शिरतं, ते आजोबा बराच वेळ बघत राहिले, रेंज जात होती तरी ठेव म्हणेनात.

जायचं कसं, तर स्टेशनजवळून टी१ ट्रामनं कॅशिने पार्कला उतरा, काही मिनिटांचंच अंतर आहे. पण छत्री पार्कच्या पार पश्चिम टोकाला आहे, नदी डाव्या हाताला ठेवून पाऊण तास तरी सरळ चालावं लागतं. शेवटी केबलवर तोललेला मोठा पूल दिसला की आलात, त्या पुलाचं नावच पोन्ते आल्लिन्दियानो, त्या 'हिंदी माणसाच्या' नावानं. पाणी सोबत घ्या आणि अंधार पडायच्या आत परत फिरा, तो टोकाचा भाग संध्याकाळी सुनसान असतो.