विणायची लोकर आणि सुया कशा ठेवाव्यात? कपाटात डांबरगोळ्या टाकल्या तर चालतात का?

डांबरगोळ्या हा शब्द वाचला आणि लिहायला बसले. नाहीतर मी इथे नुसती वाचत असते.

तुम्ही लिहिलंय की नुकतंच विणायला लागलात, घरात पंधरा-वीस गुंडे साठलेत, सुया स्वयंपाकघरातल्या खणात पळी-चमच्यांबरोबर पडल्यात आणि पावसाळा तोंडावर आहे. १९८८ च्या जूनमध्ये माझी अवस्था हीच होती. फक्त मी रत्नागिरीत होते आणि मला सातवा महिना होता.

बाळासाठी पांढऱ्या लोकरीचा स्वेटर घेतला होता विणायला. पाठ झाली होती, पुढचा भाग बगलेपर्यंत येऊन सुयांवर होता. सुया आईच्या, स्टीलच्या, बारा नंबरच्या. १९६२ च्या लढाईत सगळीकडे बायका जवानांसाठी स्वेटर विणत होत्या, तेव्हा आईने त्या सांगलीत घेतल्या. त्या सुयांवरून किती मातकट हिरवे स्वेटर उतरले हे ती बोटांवर मोजून सांगायची आणि दर वेळी आकडा एकाने वाढायचा. विणताना सुई अडखळायला लागली की ती केसांतून एकदा फिरवायची, तेवढ्या तेलाने सुई परत गुळगुळीत चालायची. (तुम्ही हे करू नका. पांढऱ्या लोकरीवर खोबरेल पिवळं पडतं. मेणबत्ती घासा आणि फडक्याने पुसून घ्या.)

माहेरी जायच्या गडबडीत ते विणकाम खाटेवरच राहिलं. माझ्या थोरल्या जाऊबाई, आम्ही सगळे त्यांना वहिनी म्हणतो, फार टापटिपीच्या. त्यांनी ते सुयांसकट वर्तमानपत्रात गुंडाळलं, ट्रंकेत घातलं, वर मूठभर डांबरगोळ्या टाकल्या आणि ट्रंक माळ्यावर चढवली. गुंड्याभोवतीचा कागद कचरा म्हणून केरात गेला.

दसऱ्यानंतर दोन महिन्यांच्या लेकाला घेऊन परत आले. ट्रंक उघडली तर आधी तो वास, डोळ्यांत पाणी आणणारा. मग दमट, मऊ पडलेलं वर्तमानपत्र. आणि पांढऱ्या लोकरीवर, जिथून सुई गेली होती तिथे, या कडेपासून त्या कडेपर्यंत तांबूस रेघ. साठ-बासष्ट टाके असतील, प्रत्येकाच्या पोटात गंजाचा ठिपका. सुई ओढली तर सरकेना. सरकली ती खरखरत, आणि जाताजाता खालच्या ओळीलाही रंग लावून गेली.

चार ओळी उसवल्या. डागाळलेली लोकर कापून टाकली, म्हणजे आता लोकर कमी पडणार. दुकानात नवा गुंडा मागितला तर दुकानदार म्हणाला, पांढरा तो पांढरा. मलाही तेव्हा तसंच वाटलं. घरी आणून एक बाही पूर्ण केली, दिवसाउजेडी ओटीवर आणून बघितली, तर अंग दुधासारखं आणि बाही सायीसारखी. कागद असता तर त्यावरचा लॉट नंबर, म्हणजे एका वेळी एकत्र रंगवलेल्या लोकरीचा नंबर, दाखवून तोच मागता आला असता. निदान वेगळा आहे हे आधी कळलं असतं.

उष्टावणाला मुलाला तोच स्वेटर घातला. कुणाच्याही लक्षात आलं नाही. वहिनींच्या आलं. चार बायकांत म्हणाल्या, "बाही जरा जुनी वाटते गं." बाही नवी होती. जुनं अंग होतं.

आता तुमच्या प्रश्नाकडे येते.

काम अर्धवट ठेवून चार दिवसांहून जास्त बाजूला होणार असाल तर सुई काढून घ्या. सुती दोरा घ्या, गडद रंगाचा, लोकरीचा नको. गोधडीच्या सुईत ओवा आणि सुई नेढ्याच्या बाजूने टाक्यांतून न्या, टोकाच्या बाजूने नेलीत तर लोकरीचे पदर फाटतात. सगळे टाके दोऱ्यावर आले की दोन्ही टोकांची सैल गाठ मारा. परत सुरू करताना सुई त्याच वाटेने घाला आणि दोरा ओढून टाका. पाच मिनिटांचं काम आहे. दोरा गंजत नाही आणि कुणी उचलून कुठेही ठेवलं तरी टाका निसटत नाही. सुलट ओळ होती की उलट, हे चिठ्ठीवर लिहून त्याच पिशवीत टाका. "माझ्या लक्षात राहील" म्हणू नका, नाही राहत.

गुंड्याचा कागद कधीही फेकू नका. त्यावर छटेचा नंबर आणि लॉट नंबर असे दोन आकडे असतात, छटा एकच असली तरी लॉट बदलला की रंग बदलतो. लोकर एकदमच घ्या, एक गुंडा जास्तच घ्या. तरीही दुसरा लॉट गळ्यात पडलाच तर एकदम जोडू नका. दोन ओळी जुन्या गुंड्याच्या, दोन नव्या, असं बोटभर विणा आणि मग नव्यावर जा. डोळ्याला रेघ दिसत नाही. हे मला १९८८ मध्ये कुणी सांगितलं असतं तर ती बाही आज बाहीसारखी दिसली असती.

सुया. स्टीलच्या असतील तर पावसाळ्यात पुसून, कोरड्या पत्र्याच्या लांब डब्यात, सोबत खडूचे दोन तुकडे. खडू ओल ओढतो. अ‍ॅल्युमिनियमच्या गंजत नाहीत पण वाकतात, त्यामुळे त्यांच्यावर लाटणं वगैरे येईल अशा खणात ठेवू नका, म्हणजे तुम्ही ठेवल्यात तिथे ठेवू नका. जोडीला रबरबँड, टोकाला खोडरबराचा तुकडा. गंज चढलाच तर झिरो नंबरचा पॉलिश पेपर हलक्या हाताने, मग मेणबत्ती.

नंबराचं एक सांगून ठेवते कारण हल्ली सगळे व्हिडिओ बघून विणतात. आपल्याकडच्या जुन्या सुयांचे नंबर जुन्या इंग्रजी पद्धतीचे, आकडा मोठा तेवढी सुई बारीक. आठ नंबर म्हणजे ४ मिलिमीटर, दहा नंबर ३.२५. अमेरिकन पद्धत उलटी, त्यांचा आठ नंबर ५ मिलिमीटर. व्हिडिओतली बाई "आठ नंबर" म्हणाली आणि तुम्ही आपली आठ नंबर घेतलीत तर मोठ्या माणसाचा स्वेटर शाळकरी मुलाला होईल. सुईवर मिलिमीटर लिहिले असतील तेच बघा.

आणि आता डांबरगोळ्या.

आधी तुमची लोकर लोकर आहे का ते बघा. बोटभर धागा चिमट्यात धरून जाळा. जळक्या केसांचा वास आला आणि राख बोटांत भुगा झाली तर खरी लोकर. वितळून कडक काळा मणी झाला तर अ‍ॅक्रिलिक. दुकानात लोकर म्हणून मिळतं त्यातलं बरंचसं हेच असतं, आणि त्यात वाईट काही नाही, धुवायला बरं. पण कसरीच्या, म्हणजे लोकर खाणाऱ्या किड्याच्या, अळीला हवं ते केसातलं, पिसातलं, रेशमातलं प्रथिन. अ‍ॅक्रिलिकमध्ये तिचं पोट भरत नाही. म्हणजे तुम्ही ज्याला कसर लागत नाही त्याच्यावर डांबरगोळ्या टाकून घरभर वास करताय. वहिनींनी तीस वर्षं तेच केलं.

खरी लोकर असेल तर आधी धुवा. रिठ्याचं गार पाणी, पिळायचं नाही, पंच्यात गुंडाळून दाबायचं आणि सावलीत आडवं पसरायचं. अळीला घाम आणि तेलकटपणा फार आवडतो, मळकी लोकर ती आधी शोधते. खडखडीत वाळल्यावर झिपच्या पिशवीत हवा काढून बंद करा. ओलसर बंद केलीत तर कसर राहिली बाजूला, बुरशी येईल. आणि घरात भिंतीवर राखाडी, भोपळ्याच्या बीसारखी चपटी थैली अंगावर घेऊन सरकणारी अळी दिसते ना, जी आपण केरसुणीने झटकतो, तीही लोकर खाते. तिची खरी चैन जळमटांवर. तेव्हा आधी जळमटं काढा.

गोळ्यांबद्दल माझा खरा राग वेगळा आहे. तान्ह्या मुलाचे कपडे त्यांच्यात ठेवू नयेत. काही मुलांच्या रक्तात जी सिक्स पी डी नावाचं एक एन्झाइम जन्मतःच कमी असतं, अशा मुलाला त्या वाफेने तांबड्या पेशी फुटून कावीळ होऊ शकते. हे मला नातीच्या वेळी बालरोगतज्ज्ञांनी सांगितलं. घरी आल्याआल्या मी रत्नागिरीला फोन लावला. वहिनी म्हणाल्या, "मग तुझ्या मुलाला काय झालं? चांगला सहा फूट आहे." यावर काय बोलणार. स्वेटर तीन दिवस ओटीवर वाऱ्याला टांगला होता आणि दोनदा धुतला होता, म्हणून काही झालं नाही, असं मी म्हणते. नशीब होतं असंही म्हणा.

आता थोडं माझ्याविरुद्ध. वहिनींच्या ट्रंकेत त्यांच्या लग्नातली अस्सल लोकरीची शाल आहे. तिला एक भोक नाही. आणि माझ्याकडे तीन वर्षांपूर्वी भाच्याने ऑस्ट्रेलियाहून आणलेली मेरिनो मेंढीच्या लोकरीची लडी होती, मऊ, निळी. मी ती "विणू लवकरच" म्हणून उघड्या वेताच्या टोपलीत ठेवली, शोभेला. दिवाळीत गुंडा करायला घेतली तर दर हात-दीड हातावर धागा तुटत होता. डांबरगोळ्या काम करतात, नाही असं नाही. बंद पेटीत, मोठ्यांच्या कपड्यांना, लोकरीला थेट न टेकवता कापडी पुरचुंडीत बांधून घातल्यात तर चालतील. माझ्या घरात नको, एवढंच.

मला गोळ्यांशिवाय जमतं ते असं. बाहेरून आलेली खरी लोकर प्लॅस्टिक पिशवीत बंद करून आठवडाभर फ्रिझरमध्ये, कोथिंबिरीच्या चटणीशेजारी. बाहेर काढल्यावर पिशवी लगेच उघडायची नाही, घरातल्या हवेइतकी झाली की मग. नाहीतर पाणी सुटतं.

लडीचा गुंडा करताना लोकर चार बोटांवरून गुंडाळा आणि मग बोटं काढून घ्या, म्हणजे गुंडा सैल राहतो. दगडासारखा घट्ट गुंडा वर्षभर पडला तर लोकर ताणलेली राहते, विणून धुतलीत की स्वेटर आखडतो.

गोल सुयांची, म्हणजे वायरने जोडलेल्या दोन सुयांची, वायर वेटोळी होते असंही विचारलंय तुम्ही. वायर कढत पाण्यात मिनिटभर धरा, सरळ ओढा, टांगून ठेवा. ही वहिनींची युक्ती. त्यांच्या लेकीने कॅनडाहून गोल सुया पाठवल्यापासून त्या सत्तरी उलटल्यावर पुन्हा विणायला लागल्यात आणि अर्धवट काम सुयांवरच ठेवून झोपतात.