वाचकांची विचारणा : श्रावणातले ताट, बांगड्याची खाज आणि अमिनो आम्ले

या वेळी बरीच पत्रे प्रथिनांबद्दलची आहेत, म्हणून एक गोष्ट आधीच सांगून टाकतो. प्रथिने पचली की त्यांची अमिनो आम्ले होतात आणि त्यांतूनच शरीर आपली प्रथिने बांधते. अशी आम्ले 20. त्यांतली 11 शरीर स्वतः तयार करते. उरलेली 9 अन्नातूनच यावी लागतात : हिस्टिडीन, आयसोल्युसिन, ल्युसिन, लायसिन, मिथिओनिन, फेनिलअ‍ॅलनिन, थ्रिओनिन, ट्रिप्टोफॅन आणि व्हॅलिन. यांतले एक जरी कमी पडले तरी बाकीची वाया जातात. पाऱ्या पन्नास लाटल्या आणि सारण विसांपुरतेच असले, तर नेवऱ्या वीसच होणार. उरलेली अमिनो आम्ले शरीर साठवून ठेवत नाही; ती इंधन म्हणून जळतात आणि त्यांतला नायट्रोजन युरिया होऊन लघवीवाटे जातो.

प्रश्न : श्रावणात आमच्याकडे महिनाभर नुस्ते बंद. त्याआधी मासेमारीबंदीमुळे ताजी मासळी तशीही कमीच. भात, वरण, भाजी, सोलकढी असे जेवण असते, नारळ मात्र भरपूर. प्रथिने कमी पडतात का? (डिचोली)

उत्तर : पडतात, पण दोष भाताचा नाही. वरण पातळ असते आणि वाढतातही पळीभरच.

तुम्ही वजन कळवलेले नाही, 60 किलो धरू. आयसीएमआर-एनआयएनच्या (हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या) 2020 च्या शिफारशीप्रमाणे किलोमागे 0.83 ग्रॅम, म्हणजे दिवसाला 50 ग्रॅम प्रथिने हवीत. लायसिन किलोमागे 30 मिलिग्रॅम, म्हणजे 1800 मिलिग्रॅम. लायसिनचा हिशेब वेगळा धरायचा कारण तांदूळ, गहू, नाचणी या सगळ्यांत तेच तोकडे असते. स्नायूंना ते लागतेच, शिवाय हाडे, कातडी आणि कंडरा यांतल्या कोलॅजेनचे धागे एकमेकांना जोडायला आणि कार्निटिन (पेशींना मेद जाळायला लागणारे द्रव्य) बनवायलाही लागते.

दिवसभरात 300 ग्रॅम उकडे तांदूळ (कच्चे वजन) पोटात गेले तर त्यांतून साधारण 22 ग्रॅम प्रथिने आणि 800 मिलिग्रॅम लायसिन मिळते. माणशी 15 ग्रॅम तूरडाळीच्या वरणातून 3 ग्रॅम प्रथिने आणि सुमारे 200 मिलिग्रॅम लायसिन. झाले 25 ग्रॅम आणि 1000 मिलिग्रॅम, म्हणजे जेमतेम निम्मे. नारळ यात धरू नका. 100 ग्रॅम ओल्या खोबऱ्यात प्रथिने साडेतीन ग्रॅमच्या आसपास, मेद मात्र 30 ग्रॅमहून जास्त. सोलकढीत तर रसच येतो.

आता याच जेवणात 50 ग्रॅम कोरड्या आळसांद्यांचे (चवळीचे) तोंडाक, म्हणजे रस्साभाजी, घाला : 11 ग्रॅम प्रथिने, 700 मिलिग्रॅम लायसिन. दोन वाट्या दही : 6 ग्रॅम आणि 450 ते 500 मिलिग्रॅम. मूठभर, म्हणजे 30 ग्रॅम, शेंगदाणे : सात-साडेसात ग्रॅम. लायसिन 2000 च्या वर गेले, प्रथिनेही 50 ला टेकली. वनस्पतिजन्य प्रथिने सगळीच पचत नाहीत, म्हणून हा वरचा थोडा वाव हवाच. धान्य तीन भाग आणि कडधान्य एक भाग हे प्रमाण लक्षात ठेवा. कडधान्यांत मिथिओनिन कमी असते, ते तांदळात बऱ्यापैकी असते. दोघांची सांगड बसते ती अशी. दोन्ही एकाच घासात आली पाहिजेत असे नाही, मोठ्या माणसाला दिवसाकाठी मिळाली तरी चालते.

मुगागाठींबद्दल एक गैरसमज आहे. मोड आल्याने मुगातली प्रथिने वाढत नाहीत. 100 ग्रॅम कोरड्या मुगात ती 24 ग्रॅम असतात. तेच मूग भिजून, मोड येऊन अडीच-तीन पट वजनाचे होतात, म्हणून वाटीमागे उलट कमीच दिसतात. मोडांचा फायदा वेगळा आहे : पोटात वायू धरणाऱ्या शर्करा आणि फायटेट (लोह-जस्त अडवून धरणारे द्रव्य) कमी होतात, पचन सोपे होते. आळसांदे, चणे, कुळीथ मात्र पुरते शिजले पाहिजेत, दाणा दोन बोटांत चिरडला गेला पाहिजे. अर्धकच्च्या दाण्यात ट्रिप्सिन हे पाचक रोखणारे घटक शिल्लक राहतात आणि खाल्लेली प्रथिने पचतच नाहीत. आठ तास भिजवा, ते पाणी फेका. सोलं, चिंच, टोमॅटो दाणा शिजल्यावरच घाला. आधी घातले तर तो कितीही शिट्ट्या केल्या तरी टणक राहतो. खायचा सोडा नको, त्याने थायमिन हे जीवनसत्त्व जाते.

1 जून ते 31 जुलै या बंदीच्या काळात अंडी आहेत, सुकी सुंगटे (कोळंबी) आहेत. साफ केलेल्या सुक्या सुंगटांच्या वजनात निम्म्याहून जास्त प्रथिने असतात, त्यामुळे 20 ग्रॅमची किसमूर, म्हणजे सुक्या सुंगटांची कोशिंबीरदेखील फुकट जात नाही. रक्तदाब असेल तर खारवलेली मासळी टाळा. आणि तुलनेसाठी सांगायचे तर मध्यम आकाराच्या एका बांगड्यात 14-15 ग्रॅम प्रथिने आणि बाराशेच्या वर मिलिग्रॅम लायसिन असते. एरवी शीत-हुमण (भात आणि माशांची आमटी) खाणाऱ्याला हा हिशेब का करावा लागत नाही ते यावरून कळेल.

प्रश्न : बांगडे खाल्ल्यावर अर्ध्या तासात माझा चेहरा लाल झाला, अंगाला खाज सुटली, डोके ठणकू लागले. घरात आणखी एकाला तसेच झाले. पूर्वी कधी झाले नव्हते. बांगडा कायमचा सोडावा का? (म्हापसा)

उत्तर : दोघांना एकाच वेळी झाले, यावरूनच ही अ‍ॅलर्जी नसावी असे वाटते. हे बहुधा हिस्टामिन या खाज-लाली आणणाऱ्या द्रव्याचे काम आहे.

बांगडा, तारले, टूना अशा काळपट मांसाच्या माशांत हिस्टिडीन हे अमिनो आम्ल सुटे आणि भरपूर असते. रक्तातले हिमोग्लोबिन आणि इतर अनेक प्रथिने बनवायला ते हवेच, तेव्हा दोष त्याचा नाही. मासा मेल्यावर कल्ल्यांतले आणि आतड्यांतले काही जंतू त्या हिस्टिडीनचे हिस्टामिन करतात. बर्फात हे काम जवळजवळ थांबते. आपल्याकडच्या 30 अंशांच्या हवेत काही तासांतच हिस्टामिन त्रास होण्याइतके साठते. आणि एकदा झालेले हिस्टामिन तळून, उकळून, व्हिनेगरात घोळवून किंवा परत बर्फात ठेवून जात नाही. माशाला वास येईलच असेही नाही. कधीकधी जिभेला मिरीसारखे चुरचुरते, तेवढीच खूण.

घरात चुका होतात त्या ठरलेल्या. सकाळी पहिल्यांदा मासळी घ्यायची आणि पिशवी हातात घेऊन बाकीचा बाजार करायचा. रेशाद मसाला भरून बांगडे दुपारपर्यंत ओट्यावर मुरत ठेवायचे. गोठलेला मासा रात्रभर सिंकमध्ये सुटायला ठेवायचा. तेव्हा मासळी शेवटी घ्या आणि बर्फ मागून घ्या. घरी आल्या आल्या कल्ले-आतडी काढून, धुऊन 4 अंशांखाली ठेवा. मसाला लावून मुरवणे आणि गोठलेला मासा सुटवणे, दोन्ही फ्रिजमध्येच करा.

त्रास बहुधा काही तासांत ओसरतो आणि डॉक्टर अँटिहिस्टामिन देतात. श्वास लागला, घसा आवळल्यासारखा झाला किंवा भोवळ आली तर वाट न पाहता 108 ला फोन करा. क्षयरोगावर आयसोनियाझिडच्या गोळ्या चालू असतील तर हिस्टामिन शरीरात लवकर मोडत नाही, त्यामुळे थोड्या हिस्टामिननेही त्रास होतो. अशा रुग्णांनी शिळ्या बांगड्याच्या वाटेला जाऊ नये. ताज्या, बर्फातल्या बांगड्यानेही पुन्हा असेच झाले, तर मात्र अ‍ॅलर्जीची तपासणी करून घ्या आणि तोवर तो खाऊ नका. सुंगटांचे प्रकरण वेगळे. तिथे खरी अ‍ॅलर्जी असते, ती बहुतेकदा ट्रोपोमायोसिन या प्रथिनाची, आणि सुंगटे कितीही ताजी असली तरी ती होते.

प्रश्न : आई 72 वर्षांची, वजन 55 किलो. सकाळी चहा-पाव, दहा-अकराला पेज, दुपारी भात, रात्री पुन्हा पेज. खुर्चीतून उठताना हात टेकावे लागतात. काय वाढवावे? (पेडणे)

उत्तर : आधी क्रिएटिनिन (मूत्रपिंडे नीट काम करतात का ते दाखवणारी रक्ततपासणी) तपासून घ्या. मूत्रपिंडाचा आजार असेल तर पुढचे काही न करता डॉक्टरांना विचारा, कारण तिथे प्रथिने मोजून-मापून द्यावी लागतात.

तपासणी ठीक असेल तर या वयात किलोमागे 1 ते 1.2 ग्रॅम, म्हणजे 55 ते 66 ग्रॅम हवीत. म्हातारपणी स्नायू प्रथिनांना सहज दाद देत नाहीत. त्यांना कामाला लावते ते मुख्यतः ल्युसिन, आणि ते एका जेवणात दोन-अडीच ग्रॅम आले तर उपयोग होतो. म्हणजे एका वेळच्या जेवणात 20 ते 25 ग्रॅम प्रथिने हवीत, त्यांतही दूध, अंडे, मासळी असेल तर बरे. वाटीभर तांदळाच्या पेजेत ती 4 ग्रॅम, एका पावात तेवढीच. दिवसभर असे थोडेथोडे खाऊन पोट भरते, स्नायूंना काही मिळत नाही.

पेज बंद करू नका, आवडीची आहे तर राहू दे. शिजतानाच तीत माणशी 20 ग्रॅम मूगडाळ घाला आणि सोबत दोन अंडी द्या : एकूण 20 ग्रॅमच्या आसपास जाते. पावाबरोबर चहाऐवजी वाटाण्याची किंवा आळसांद्यांची पातळ भाजी द्या. गव्हात लायसिन तांदळाहूनही कमी असते, ते कडधान्य भरून काढते. दुपारी हुमणातला मासा, काटे काढून. कवळी असेल तर तिसऱ्या, माणक्या असले चिवट पदार्थ ताटात तसेच राहतात. आणि रोज खुर्चीतून हात न टेकता दहा वेळा उठायचा सराव करून घ्या, सुरुवातीला कुणीतरी जवळ उभे राहून. स्नायूंना ताण मिळाला नाही तर नुसत्या ल्युसिनचा फारसा उपयोग नाही.

प्रश्न : आठ महिन्यांच्या बाळाला रोज तिझन देतो. तेवढे पुरे का? (फोंडा)

उत्तर : नाही. नाचणी भिजवून, वाटून, गाळून वरचे पाणी ओतून दिले की तळाला बसतो तो मुख्यतः स्टार्च. होती ती प्रथिनेही चोथ्याबरोबर आणि पाण्याबरोबर बरीचशी जातात. नाचणीचे आख्खे पीठच वापरा. तीन भाग नाचणी आणि एक भाग मूगडाळ मंद आचेवर भाजून, बारीक दळून ठेवा. डाळ तांबूस होईपर्यंत भाजू नका, करपट भाजणीत लायसिन शर्करेशी बांधले जाते आणि शरीराला मिळत नाही. वर्षाच्या आत गूळ घालू नये. आईचे दूध चालू ठेवाच. एवढ्या लहान मुलाच्या पोटात एका वेळी फार मावत नाही, म्हणून धान्य आणि डाळ एकाच वाटीत असणे बरे.

प्रश्न : जिममध्ये बीसीएए पावडर घ्यायला सांगतात. व्हे प्रोटीन वेगळे घेतोच. (मडगाव)

उत्तर : मग बीसीएएचे पैसे वाचवा. त्यात ल्युसिन, आयसोल्युसिन आणि व्हॅलिन ही तीनच असतात. स्नायू बांधायला बाकीची सहाही लागतात आणि व्हेमध्ये (दुधाच्या निवळीतल्या प्रथिनांत) नऊही आहेत. वजन उचलणाऱ्याला किलोमागे 1.6 ग्रॅम प्रथिने पुष्कळ झाली. 150 ग्रॅम सोललेल्या सुंगटांत 28 ग्रॅमच्या आसपास मिळतात, म्हणजे डब्यातल्या एका मापापेक्षा थोडी जास्तच. आयसीएमआर-एनआयएनच्या 2024 च्या मार्गदर्शनातही प्रोटीन पावडरी टाळा असेच आहे.

घेणारच असाल तर घटकांची यादी वाचा. प्रयोगशाळेत सहसा नायट्रोजन मोजतात आणि त्याला 6.25 ने गुणून प्रथिनांचा आकडा काढतात. त्यामुळे स्वस्त ग्लायसिन किंवा टॉरिन मिसळले की आकडा फुगतो, स्नायूंना मात्र काही मिळत नाही. यादीत ही सुटी लिहिलेली असतील किंवा 100 ग्रॅम प्रथिनांमागे ल्युसिन 10 ग्रॅमपेक्षा बरेच कमी असेल, तर तो डबा दुकानातच राहू दे.

प्रश्न : त्वचेसाठी कोलॅजेन पावडर? (पणजी)

उत्तर : पोटात गेल्यावर तेही पचून अमिनो आम्लेच होतात, ती कातडीलाच जातील असा हुकूम त्यांना देता येत नाही. कोलॅजेनमध्ये तिसरा हिस्सा ग्लायसिन असते, जे शरीर स्वतः बनवते, आणि ट्रिप्टोफॅन अजिबात नसते. म्हणून दिवसाच्या प्रथिनांत ही पावडर मोजू नका. शाकाहारी असाल तर लेबल पाहा, ती मासळीच्या किंवा जनावराच्या कातडी-हाडांची असते. आपले कोलॅजेन घट्ट व्हायला क जीवनसत्त्व लागते. त्यासाठी एखादा पेरू किंवा आवळा पुरतो.

प्रश्न : रात्री दूध प्यायल्याने झोप येते ती ट्रिप्टोफॅनमुळे का? (काणकोण)

उत्तर : ट्रिप्टोफॅनपासून मेंदूत सेरोटोनिन आणि पुढे मेलाटोनिन बनते, इथपर्यंत खरे. पण कपभर दुधात ते 90 मिलिग्रॅमच्या आसपास, आणि मेंदूत शिरताना त्याला दुधातल्याच ल्युसिन, व्हॅलिन वगैरेंशी स्पर्धा करावी लागते, कारण वाट एकच. झोप येते ती बहुधा कोमट पेयाने आणि सवयीने. चालू ठेवायला हरकत नाही, फक्त त्यात कॉफी घालू नका.