स्टेजिंगचा डेटाबेस लाइव्हवर चढवण्याआधी

वर्डप्रेसवरच्या तुमच्या ऑनलाइन दुकानाच्या स्टेजिंगवर, म्हणजे चाचणीसाठी केलेल्या प्रतीवर, डिझाइन तयार झालं म्हणून तिथला डेटाबेस उचलून लाइव्हवर, म्हणजे ग्राहक वापरतात त्या साइटवर, टाकू नका. मधल्या काळात लाइव्हवर आलेल्या ऑर्डरी, नवे ग्राहक, सगळं पुसलं जाईल. दोन्ही डेटाबेस मर्ज करायचा विचारही सोडा. वर्डप्रेसमध्ये प्रत्येक नोंदीचे आयडी, म्हणजे क्रमांक, आपोआप वाढत जातात. स्टेजिंगवर १२०१ हे तुमचं नवं पान असेल, तर लाइव्हवर १२०१ ही कुणाची तरी ऑर्डर असू शकते, आणि पोस्टमेटा (त्या नोंदीची जास्तीची माहिती) त्या आकड्यालाच बांधलेला असतो.

त्यापेक्षा थीम आणि प्लगिनचा कोड तेवढा गिटमधून (कोडच्या आवृत्त्या सांभाळणारं साधन) लाइव्हवर न्या; डेटा मात्र नेहमी लाइव्हवरून स्टेजिंगवर आणा. सेटिंग्जमधले बदल स्टेजिंगवर करतानाच लिहून ठेवा आणि बॅकअप घेऊन लाइव्हवर हाताने करा. कंटाळवाणं आहे खरं, पण चार-दोन बदलांसाठी, ते आपोआप नेणारं महागडं प्लगिन कशाला? बदल फार असतील तर डब्ल्यूपी-सीएलआयची (कमांड देऊन वर्डप्रेस चालवायचं साधन) स्क्रिप्ट लिहा.

लाइव्हवरून स्टेजिंगवर आणलेल्या डेटाबेसमध्ये साइटचा पत्ता बदलताना साधं एसक्यूएल रिप्लेस (डेटाबेसमध्ये थेट शब्द बदलणं) नको. सीरियलाइज्ड मजकुरात (एकाच ओळीत गुंडाळून साठवलेल्या सेटिंग्जमध्ये) प्रत्येक शब्दमालेची लांबीही नोंदवलेली असते. ती जुळली नाही की विजेटं गायब! डब्ल्यूपी-सीएलआयची सर्च-रिप्लेस कमांड वापरा, आधी ड्राय-रन (काही न बदलता नुसती चाचणी) करून. आणि स्टेजिंगवरून जाणारे ईमेल बंद करा, नाहीतर खऱ्या ग्राहकांना जातील.