ऊर्जेवर अवलंबून असलेल्या क्रॉस सेक्शनचं एकक कोणतं: बार्न की बार्न प्रति एमईव्ही?

बार्न. क्रॉस सेक्शन (चिन्ह सिग्मा) म्हणजे अभिक्रियेची शक्यता सांगणारं क्षेत्रफळ, बार्न हे त्याचं एकक, आणि एमईव्ही म्हणजे दहा लाख इलेक्ट्रॉन व्होल्ट. ऊर्जेप्रमाणे आकडा बदलतो, एकक बदलत नाही. तुम्ही विचारलंय की एका आलेखात बार्न दिसतं, दुसऱ्यात बार्न प्रति एमईव्ही, तर खरं कोणतं आणि एकावरून दुसरं कसं काढायचं. दोन्ही खरी आहेत, पण राशी दोन वेगळ्या आहेत. हेच मला एम.एस्सी.च्या तोंडी परीक्षेत सांगायचं होतं आणि सांगता आलं नाही, म्हणून जरा लांबण लागेल.

बाहेरून आलेल्या परीक्षकांनी युरेनियम-२३५ च्या विखंडनाचा आलेख समोर ठेवला आणि उभ्या अक्षाचं एकक विचारलं. मी बार्न म्हटलं. "सिग्मा ऑफ ई आहे ना? मग प्रति इलेक्ट्रॉन व्होल्ट कुठे गेलं?" मी सांगितलं, सर, ०.०२५३ इलेक्ट्रॉन व्होल्टच्या न्यूट्रॉनला साधारण ५८५ बार्न, १ एमईव्हीच्या न्यूट्रॉनला जेमतेम १.२ बार्न, पण दोन्ही क्षेत्रफळंच आहेत. एक बार्न म्हणजे १०⁻²⁴ चौरस सेंटिमीटर. त्यावर त्यांनी सिग्मा गुणिले फ्लक्स, म्हणजे न्यूट्रॉनांचा ओघ, याचं ऊर्जेवरचं (डीई) इंटिग्रल लिहिलं. "डीईमुळे एक ऊर्जा जास्तीची येते, ती कापणार कोण? सिग्माच ना? आधी एककं शिकून या." दाराशी पुढची दोघं उभी होती, त्यांनी ऐकलं. मी उठून आले.

मे महिना होता. पावसला घरी पोचले तर आप्पा ओटीवर आंब्याची वही घेऊन बसलेले, बाजूला मुंबईच्या दलालाकडून आलेल्या पट्ट्यांचा गठ्ठा. तारीख, पेट्या, भाव. बेरजा माझ्याकडे आल्या. मार्चअखेरच्या पट्टीत पेटीला जो भाव होता तो मेच्या तिसऱ्या आठवड्यात पार खाली आलेला. म्हणजे भाव तारखेवर अवलंबून, आणि तरी रकान्याच्या डोक्यावर पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत "रुपये, दर पेटी" एवढंच. मी मुद्दाम विचारलं, आप्पा, भाव रोज बदलतो तर दर पेटी, दर दिवस असं लिहायला नको का? ते मान वर न करता म्हणाले, "अगो, दिवसाला जातात त्या पेट्या. भावाला कशाला दिवसाने भागतेस?"

परीक्षकांच्या प्रश्नाचं उत्तर तेच होतं. भाव म्हणजे सिग्मा, तारीख म्हणजे ऊर्जा, आणि दिवसाला किती पेट्या गेल्या ते म्हणजे फ्लक्स. त्या इंटिग्रलमधला फ्लक्स नुसता प्रति चौरस सेंटिमीटर प्रति सेकंद नसतो, त्याला "प्रति एमईव्ही"ही असतं. डीईची ऊर्जा तिथेच कापली जाते, सिग्माला हात लागत नाही. उरतं ते दर सेकंदाला, दर अणुकेंद्रामागे किती अभिक्रिया झाल्या ते.

मग बार्न प्रति एमईव्ही कुठून येतं? तिथे आत येणाऱ्या न्यूट्रॉनची ऊर्जा ठरलेली असते आणि आडव्या अक्षावर बाहेर पडणाऱ्या कणाची ऊर्जा असते. एकाच दिवसाच्या पेट्या फोडून आंबे वजनाप्रमाणे वेगळे लावावेत तसं. कोनाचीही वाटणी केली की आणखी "प्रति स्टेरेडियन" (घनकोनाचं एकक) लागतं. नुसत्या एकूण बार्नवरून ही वाटणी काढता येत नाही. उलट दिशेने येता येतं: बाहेरच्या सगळ्या ऊर्जांवर इंटिग्रेट करा, बार्न मिळतील. या दोन्ही ऊर्जांना एकच ई वापरून शिकवणाऱ्यांवर माझा राग आहे. एकाला ई, दुसऱ्याला ई-डॅश लिहायला किती खडू लागतो? चिन्हापुढच्या कंसात काय आहे एवढ्यावरून एकक ठरवणं हे शिकवणंच नव्हे.

तुमच्यासमोर कोणी असा वाद घातला तर तोंडी बोलू नका. खडू मागा, इंटिग्रल लिहा आणि प्रत्येक पदाखाली त्याचं एकक मांडा. मी त्या दिवशी खडू मागितला नाही, याचं मला आजही वाईट वाटतं.

दोन-तीन गोष्टी राहिल्या. रेझोनन्सच्या, म्हणजे ठरावीक ऊर्जेला सिग्मा एकदम उसळतो त्या, शिखराखालचं क्षेत्रफळ बार्न-इलेक्ट्रॉन व्होल्टमध्ये देतात आणि खगोलभौतिकीतला एस-फॅक्टर (सिग्मातला ऊर्जेबरोबर झपाट्याने बदलणारा भाग बाजूला काढून उरणारी राशी) केईव्ही-बार्नमध्ये; केईव्ही म्हणजे हजार इलेक्ट्रॉन व्होल्ट. तिथे ऊर्जा गुणलेली असते, भागलेली नव्हे, आणि त्या राशी क्रॉस सेक्शन नाहीत. रेझोनन्स इंटिग्रल नावाच्या राशीत मात्र सिग्मा गुणिले डीई भागिले ई असतं, म्हणून तिथे पुन्हा बार्नच. आणि वर मी "इंटिग्रेट करा, बार्न मिळतील" म्हटलं, तिथे एक सावधगिरी: एका अभिक्रियेतून दोन न्यूट्रॉन बाहेर पडत असतील आणि आलेख न्यूट्रॉन-उत्पादनाचा असेल, तर उत्तर अभिक्रियेच्या क्रॉस सेक्शनच्या दुप्पट येतं. ईएनडीएफ फाइलींमध्ये (अणुकेंद्रीय अभिक्रियांची माहिती ठेवायचा प्रमाणित साचा) हे सगळं सुटंसुटं असतं: सिग्मा बार्नमध्ये, बाहेरच्या ऊर्जेची वाटणी प्रति इलेक्ट्रॉन व्होल्ट, आणि अभिक्रियेमागे किती कण निघतात तो आकडा वेगळा. तिन्हींचा गुणाकार केलात की तुमचा दुसरा आलेख मिळेल, फक्त इलेक्ट्रॉन व्होल्टचे एमईव्ही करून घ्या.