ठाण्यात नाटक, मैफल, व्याख्यान कुठे आहे हे आधी कळतं कसं? स्थानिक बातम्यांत तर राजकारण आणि वाहतूक कोंडीच असते

तुम्ही लिहिलंय की घोडबंदर रोडला राहायला येऊन वर्ष झालं, ठाण्याच्या बातम्या रोज वाचता, आणि तरी चांगला कार्यक्रम होऊन गेल्यावरच कळतो. कळणार कसा? छापतात ती झालेल्या कार्यक्रमाची बातमी. होणाऱ्या कार्यक्रमाच्या चार ओळींना जागा नसते. झाल्यावरची बातमी आयोजकांच्या फाइलीत लावायला बरी, प्रेक्षकाला तिचा उपयोग शून्य. हे मी वर्षानुवर्षं सांगतेय आणि आमच्याच घरात कुणी ऐकत नाही, कारण ताईचे यजमान निवृत्त होईपर्यंत एका वर्तमानपत्रात उपसंपादक होते.

२०२२ च्या जूनमधली गोष्ट सांगते. आमचा नौपाड्यात बायकांचा गट आहे. सगळ्या हौशी, मी पेटी वाजवते. आषाढीच्या आधी स्त्री-संतांच्या अभंगांचा कार्यक्रम ठरवला होता. मुक्ताबाई, जनाबाई, सोयराबाई, कान्होपात्रा, बहिणाबाई, आणि मधे मधे निरूपण. शनिवार, २५ जून. करोनामुळे दोन वर्षं वारी पायी निघाली नव्हती. त्या वर्षी माउलींची पालखी २१ जूनला आळंदीहून निघणार होती, त्यामुळे आम्हालाही भलताच उत्साह. हॉल ठरला, तालमी झाल्या, एका स्थानिक पेपरच्या कचेरीत मी स्वतः जाऊन प्रेसनोट दिली. तिथला मुलगा म्हणाला, "गुरुवारी लावतो, ताई."

२१ तारखेला सकाळी टीव्ही लावला तर एकनाथ शिंदे आमदारांना घेऊन सुरतेत. पुढचं सगळं तुम्हाला ठाऊक आहे. पण राज्यासाठी ती राजकारणाची बातमी होती, आमच्यासाठी गल्लीतली. शिंद्यांचा मतदारसंघ कोपरी-पाचपाखाडी म्हणजे आमच्याकडून रिक्षाचं किमान भाडं. भाजीवाल्यापासून वाण्यापर्यंत सगळीकडे एकच विषय, कोण कुणाबरोबर. सुरत झालं, गुवाहाटी सुरू झालं आणि पेपरची पानंच्या पानं त्यात गेली. गुरुवारी आमच्या चार ओळी आल्या नाहीत, शुक्रवारीही नाहीत. शनिवारी ठाणे जिल्ह्यात जमावबंदीचे आदेश निघाले. ती बातमी मात्र घरोघरी पोचली आणि माझा फोन वाजायला लागला तो थांबेचना. "आहे ना कार्यक्रम? की रद्द?"

मी भाऊजींना फोन लावला. तुमच्या ओळखीने निदान वेबसाइटवर दोन ओळी टाकता येतील का, एवढंच विचारायचं होतं. तर म्हणाले, "अगं, इथे सरकार पडायला आलंय आणि तुला पेटीची पडलीय? बातमी म्हणजे जे नवं घडतं ते. अभंग सातशे वर्षं तेच आहेत."

मी म्हटलं, पाणीकपात दर उन्हाळ्यात तीच असते, ती बरी छापता? आणि जमावबंदी छापलीत, तर त्याच गावात संध्याकाळी काय चालू आहे आणि काय बंद, हे कुणी सांगायचं? त्यांनी "बघू" म्हणून फोन ठेवला. बघितलं काहीच नाही.

कार्यक्रम झाला. हॉलवाल्यांनी पोलीस ठाण्यात विचारून घेतलं होतं, बंद हॉलमधल्या अभंगांना कुणाची हरकत नव्हती. हॉल अर्ध्याहून जास्त भरला. दारात वही ठेवली होती, त्यात 'कार्यक्रमाचं कसं कळलं' असा रकाना मी मुद्दाम आखून घेतला होता. वाचनालयात लावलेला कागद, देवळातला फळा, दूध केंद्रावरची चिठ्ठी, मैत्रिणीचा व्हॉट्सॲप. एका आजोबांनी लिहिलं होतं, "घरातला टीव्ही पाच दिवस बंद होत नाही म्हणून आलो."

निरूपण करणारी आमची मैत्रीण ताटीच्या अभंगांवर आली. रागावून दार लावून बसलेल्या ज्ञानेश्वरांना धाकटी बहीण मुक्ताबाई बाहेरून विनवते, तो प्रसंग. तिने राजकारणाचा शब्दही काढला नव्हता. नुसतं म्हणाली, "रुसून दार लावून बसलेल्याला बाहेर कसं आणायचं, हे मुक्ताबाईकडून शिकावं," आणि अख्खा हॉल हसला. तिला आधी कळेचना काय झालं. मग तीही हसली. त्या आठवड्यातल्या ठाण्याबद्दल कुठल्याही पेपरात आलं नाही असं काहीतरी त्या हसण्यात होतं, आणि ते टिपायला एकही बातमीदार तिथे नव्हता.

बातमी आली, नाही असं नाही. तीन-चार दिवसांनी. एक स्थानिक पुढारी दहा मिनिटं येऊन गेले होते (त्या आठवड्यात प्रत्येकालाच आपण ठाण्यात आहोत हे दाखवायचं होतं), त्यांचा समई लावतानाचा फोटो आणि खाली एक ओळ: महिला मंडळाच्या भगिनींनी भजने सादर करून भक्तिमय वातावरण निर्माण केले. नाव एकाही बाईचं नाही. आमच्यातली एक पखवाज वाजवते. ठाण्यात पखवाज वाजवणाऱ्या बायका बोटांवर मोजण्याइतक्या असतील, खरी बातमी ती होती. ती 'भगिनी'त गेली. रविवारी जेवायला गेले तर भाऊजींनी कात्रण काढून ठेवलेलं. "आली ना बातमी? उगाच चिडतेस." ताई मला डोळ्यांनी गप्प बस म्हणत होती, म्हणून मी तेव्हा गप्प बसले. इथे बसायचं कारण नाही.

भाऊजींचं म्हणणं असं की ठाणेकरांना वाहतूक, पाणी आणि राजकारण यापलीकडे काही नको असतं. हे मला मान्यच नाही. याच गावातून १८६६ साली 'अरुणोदय' हे वर्तमानपत्र निघत होतं. मराठी ग्रंथसंग्रहालय १८९३ पासून चालू आहे. जानेवारीत नौपाड्यात रामभाऊ म्हाळगी व्याख्यानमाला असते, तिथे थंडीत मैदानात बसून लोक भाषणं ऐकतात, तीही फुकट मिळालेल्या नाश्त्याशिवाय. लोकांना हवं असतं. आधी सांगत कुणी नाही.

आता तुमच्यासाठी. नाटकांच्या जाहिराती शनिवार-रविवारच्या पेपरात असतात, त्या तुम्ही बघतच असाल. गडकरी रंगायतन दुरुस्तीसाठी बंद होतं, ते २०२५ च्या ऑगस्टमध्ये पुन्हा उघडलं. त्याच्या दाराशी उभं राहून फलक वाचणं हे आजही कुठल्याही ॲपपेक्षा भरवशाचं. तुमच्या बाजूला घाणेकर नाट्यगृह जवळ, तिथल्या छोट्या सभागृहावर लक्ष ठेवा. प्रायोगिक, एकांकिका, छोट्या मैफली तिथे होतात आणि त्यांची जाहिरात बहुतेक वेळा कुठेच येत नाही. ग्रंथसंग्रहालयाचं सभासद व्हा. पुस्तकांसाठी व्हाच, पण नोटीस बोर्डासाठीही व्हा. कौपीनेश्वर मंदिराकडून निघणारी पाडव्याची स्वागतयात्रा मात्र चुकवू म्हटलं तरी चुकणार नाही, तिची बातमी आठवडाभर आधीपासून येते. आणि एखाद्या छोट्या कार्यक्रमाला गेलात की दारातल्या वहीत नंबर लिहून या. पुढचे चार कार्यक्रम तुम्हाला घरबसल्या कळतील. त्यासोबत रोज सकाळी गुलाबांचे फोटोही येतील, त्याला इलाज नाही.

एक सांगायचं राहिलं, नाहीतर भाऊजी हे वाचून म्हणतील एकतर्फी लिहिलं. स्थानिक पेपरात माणसं फार थोडी असतात. ज्या मुलाने मला गुरुवार सांगितला होता, तोच त्या आठवड्यात दिवसभर नेत्यांच्या दारात उभा राहून रात्री पानं लावत होता. त्याच्यावर माझा राग नाही. राग आहे तो समईच्या फोटोला जागा मिळते आणि पखवाजवालीच्या नावाला मिळत नाही यावर, आणि हे काही सरकार पडलं म्हणून होत नाही. एरवीही होतं.

घोडबंदरहून निघताना मेट्रोची कामं आणि शनिवारची गर्दी धरून तासभर हाताशी ठेवा. गडकरीजवळ तलावपाळीला गाडी लावायला जागा मिळेल या भ्रमात राहू नका, बसने किंवा रिक्षाने या. उशीर झालाच तर मागे उभे राहू नका. पहिल्या रांगेत मान्यवरांसाठी राखीव अशा चिठ्ठ्या लावलेल्या खुर्च्या असतात, समई लागली की त्यातल्या अर्ध्या रिकाम्या होतात. चिठ्ठी काढा आणि बसा. आमच्या कार्यक्रमात तर मी स्वतःच बसवते.